हाताच्या सवयीप्रमाणे शॉर्टकट: डेस्कटॉपचा कीबोर्ड आपल्या सोयीचा कसा करायचा

कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आणि कंट्रोल-झेड हे तीन शॉर्टकट कम्प्युटर वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या बोटांत बसलेले असतात. त्यापलीकडचे मात्र कंपनीने जे दिले आणि जिथे दिले तेच खरे, असं समजून आपण माउसकडे वळतो. प्रत्यक्षात यातले बरेच शॉर्टकट बदलता येतात. नसतील तिथे नवे करता येतात आणि सारखं चुकून दाबलं जाणारं बटण चक्क बंदही करता येतं. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. हा लेख हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे. भर विंडोजवर आहे, पण मॅक आणि लिनक्सचे टप्पेही दिले आहेत.

शॉर्टकट किती केले याला फारसा अर्थ नसतो. बोट विचार न करता जिथे जातं, तोच शॉर्टकट उपयोगाचा. एका बैठकीत वीस शॉर्टकट ठरवले की आठवड्याभरात त्यातले बहुतेक विसरले जातात आणि बाकीचे नको तेव्हा दाबले जातात. म्हणून खालची सगळी पद्धत थोडे पण पक्के शॉर्टकट करण्याची आहे.

आधी दोन दिवस आपला हात बघा

सेटिंग्ज उघडण्याआधी शेजारी एक कागद ठेवा आणि नेहमीचं काम करा. हात कीबोर्ड सोडून माउसकडे गेला आणि तेच काम पुन्हा पुन्हा करायला लागला, की ते कागदावर लिहा. एखादं फोल्डर उघडणं, मजकुरावर काट मारणं, इंग्रजीतून मराठीत येणं, खिडकी लहान करणं, असं काहीही. दोन दिवसांत आठ-दहा ओळी सहज जमतात.

आता त्या यादीतल्या प्रत्येक कामाला आधीपासून शॉर्टकट आहे का ते बघा. मेनू उघडला की कामाच्या नावासमोर उजवीकडे तो बहुधा छापलेला असतो. चित्राच्या बटणावर माउस क्षणभर थांबवला तरी दिसतो. विंडोजवरच्या वर्ड-एक्सेलमध्ये नुसतं ऑल्ट दाबून सोडलं की वरच्या पट्टीवर प्रत्येक बटणाचं अक्षर उमटतं. यातून यादीतल्या निम्म्या ओळी खोडल्या जातात असा माझा अनुभव आहे. विंडोज-व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी येते, पण ती सोय पहिल्या वेळी चालू करावी लागते. विंडोज-शिफ्ट-एस ने पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपता येतो. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो. टास्कबारवर पिन केलेला पहिला प्रोग्रॅम विंडोज-१ ने उघडतो, दुसरा विंडोज-२ ने, आणि असं ९ पर्यंत चालतं. टास्कबारवरचे आयकॉन ओढून हव्या क्रमाने लावले, की काही न बदलताच नऊ शॉर्टकट हातात आले.

खोडून जे उरेल, तेवढ्यासाठीच पुढचा खटाटोप करायचा.

बटण दाबल्यावर ते कोणाकडे जातं

ही एक गोष्ट समजली की शॉर्टकट का चालत नाही याचं कोडं बहुतेक वेळा आपोआप सुटतं. दाबलेलं बटण थेट वर्डपर्यंत पोचत नाही. ते आधी कीबोर्डच्या स्वतःच्या चिपकडे जातं. लॅपटॉपचं एफएन बटण बहुधा तिथेच संपतं, म्हणून ते सहसा बदलता येत नाही. मग ते विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्सकडे येतं. तिथे मागे चालू असलेला एखादा प्रोग्रॅम त्या जोडीवर, म्हणजे एकत्र दाबलेल्या दोन-तीन बटणांवर, हक्क सांगून बसला असेल, तर ते तिथेच थांबतं. कोणीच अडवलं नाही, तरच समोरच्या खिडकीतल्या प्रोग्रॅमला ते मिळतं.

म्हणून शॉर्टकट दोन प्रकारचे धरायचे. एक सगळीकडे चालणारा, जो तुम्ही कुठेही असलात तरी काम करतो. दुसरा प्रोग्रॅमपुरता, जो फक्त त्या खिडकीत जिवंत असतो. दोघांत भांडण झालं तर सगळीकडचा जिंकतो. उदाहरणार्थ, वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एम ने नवी टिप्पणी टाकता येते. तीच जोडी तुम्ही विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम उघडायला दिलीत, तर वर्डमध्ये दाबल्यावरही तो प्रोग्रॅमच उघडेल आणि टिप्पणीचा शॉर्टकट गेला असं वाटेल. म्हणून माझा नियम साधा आहे. जे काम एकाच प्रोग्रॅमचं आहे, त्याचा शॉर्टकट त्या प्रोग्रॅमच्या आतच करायचा. सगळीकडचा शॉर्टकट फक्त प्रोग्रॅम उघडणं, भाषा बदलणं, आवाज कमी-जास्त करणं अशा कामांसाठी राखायचा.

कोणती बटणं निवडायची

झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत. कट-कॉपी-पेस्टची कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आली आणि ही चार अक्षरं ॲपलच्या कम्प्युटरांमधून रूढ झाली. उजवा हात माउसवर असताना डावा हात न हलवता ती दाबता येतात, आणि ती इतकी टिकली याचं मोठं कारण मला तेच वाटतं. तुमच्या यादीतलं काम माउस हातात असताना करायचं असेल, तर जोडी डाव्या हाताच्या पट्ट्यातलीच निवडा. दोन्ही हात कीबोर्डवर असताना करायचं असेल, तर धरून ठेवायचं बटण एका हाताने आणि अक्षर दुसऱ्या हाताने दाबता येईल असं बघा. करंगळी ताणून मनगट वळवावं लागत असेल, तर ती जोडी दिसायला कितीही छान असली तरी सोडून द्या. दिवसात पन्नास वेळा तसं केलं की हात दुखतो.

धोक्याचं काम मुद्दाम अवघड जागी ठेवा. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर काम करणारे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी मशीन पुन्हा सुरू करण्यासाठी आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप ही जोडी ठरवली होती. तिन्ही बटणं डावीकडे असल्याने ती चुकून दाबली जाण्याची भीती होती, म्हणून एस्केपच्या जागी लांबचं डिलीट आलं. फाइल कायमची काढून टाकणं, कम्प्युटर बंद करणं, पत्र पाठवणं यांचा शॉर्टकट करणार असाल तर हेच धोरण ठेवा.

कंट्रोलबरोबरची सी, व्ही, एक्स, झेड, ए, एस, एफ, पी, एन, ओ, डब्ल्यू ही अक्षरं सोडून द्या. ती सगळीकडे गृहीत धरलेली असतात, आणि ती बदलली की दुसऱ्याच्या कम्प्युटरवर तुमचाच हात फसतो. विंडोज बटणाबरोबरची बहुतेक अक्षरंही आधीच घेतलेली आहेत. एफ-१ मदतीला, एफ-२ नाव बदलायला, एफ-५ ताजं करायला, एफ-११ पूर्ण पडद्याला असा रिवाज आहे. त्यामानाने मोकळं मैदान म्हणजे कंट्रोल-ऑल्ट आणि एखादं अक्षर किंवा आकडा. इथे एक अडचण लक्षात ठेवा. विंडोजमध्ये काही भाषांच्या लेआउटवर, म्हणजे कोणत्या बटणावर कोणतं अक्षर या मांडणीवर, उजवं ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखंच असतं, आणि त्यातून खास चिन्हं टाइप होतात. तुम्ही असं लेआउट वापरत असाल, तर नवी जोडी ठरवण्याआधी ती रिकाम्या फाइलमध्ये दाबून बघा. काही उमटलं तर दुसरी शोधा.

विंडोज: काहीही इन्स्टॉल न करता

सुरुवात इथून करावी असं मी सुचवेन, कारण यात बिघडण्यासारखं काही नाही. एखादा प्रोग्रॅम किंवा फोल्डर एका दाबात उघडायचं असेल, तर त्याचा शॉर्टकट आयकॉन, म्हणजे कोपऱ्यात छोटा बाण असलेलं चित्र, डेस्कटॉपवर तयार करा. त्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'शॉर्टकट' टॅबमध्ये 'शॉर्टकट की' नावाची चौकट असते आणि तिच्यात 'नन' लिहिलेलं असतं. तिथे क्लिक करून हवं ते अक्षर दाबा. विंडोज स्वतःहून पुढे कंट्रोल-ऑल्ट जोडतं. 'ओके' म्हटलं की काम झालं. हा आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूमध्येच राहू द्या. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलात तर शॉर्टकट चालत नाही.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिणाऱ्यांनी यापुढचं काम जरूर करावं. विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलते हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते चक्र असतं. सध्या कोणती भाषा चालू आहे हे आधी बघावं लागतं, आणि तीन लेआउट असतील तर मोजत बसावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक भाषेला स्वतःचं बटण देता येतं. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', मग 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' या वाटेने जा. तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' असा दुवा दिसेल. उघडणाऱ्या छोट्या खिडकीत तुमची सगळी लेआउट ओळीने येतात. मराठीवर क्लिक करा, 'चेंज की सीक्वेन्स' दाबा, खूण करा आणि डावं ऑल्ट-शिफ्ट-१ निवडा. इंग्रजीसाठी डावं ऑल्ट-शिफ्ट-२. आता आधी कोणती भाषा चालू होती याची फिकीर नाही. १ म्हणजे मराठी, २ म्हणजे इंग्रजी. रोज दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्याला एवढ्या एका बदलाने जो निवांतपणा मिळतो, तो या लेखातल्या दुसऱ्या कशानेही मिळणार नाही.

याच खिडकीत आणखी एका त्रासाचं उत्तर आहे. लिहिता लिहिता अचानक भाषा बदलते आणि भलतंच उमटायला लागतं. नुसतं डावं ऑल्ट-शिफ्ट किंवा कंट्रोल-शिफ्ट हे भाषा किंवा लेआउट बदलायला ठेवलेलं असतं, आणि दुसरा कुठला शॉर्टकट दाबताना ते चुकून लागतं. सर्वांत वरच्या ओळीत 'बिट्वीन इनपुट लँग्वेजेस' निवडून दोन्ही ठिकाणी 'नॉट असाइन्ड' केलं की हा प्रकार थांबतो.

मराठी लेआउट चालू असतानाही विंडोजवर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही नेहमीच्याच जागी चालतात. एकेरी अक्षराचे शॉर्टकट मात्र, विशेषतः ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपमधले, मराठी लेआउटवर बरेचदा चालत नाहीत, कारण त्या ॲपला रोमन अक्षराऐवजी देवनागरी अक्षर मिळतं. तिथे इंग्रजी लावूनच काम करा.

विंडोज: पॉवरटॉइज

बटणांचं कामच बदलायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे मोफत साधन नवख्यांसाठी मला सर्वांत योग्य वाटतं. ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतं. कॅप्स लॉकचं कंट्रोल करणं हे उदाहरण घेऊ. कॅप्स लॉक करंगळीच्या शेजारी मोक्याच्या जागी बसलेलं असतं, आणि देवनागरी लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य असतो.

१. पॉवरटॉइज उघडा, डावीकडच्या यादीत 'कीबोर्ड मॅनेजर' शोधा आणि तो चालू करा.
२. 'रीमॅप अ की' वर क्लिक करा आणि नवी ओळ जोडा.
३. डावीकडे 'सिलेक्ट' दाबून कॅप्स लॉक दाबा. उजवीकडे यादीतून डावं कंट्रोल निवडा.
४. 'ओके' म्हणा. आता कॅप्स लॉकला कुठलंच बटण उरलं नाही अशी सूचना येईल. ते आपल्याला हवंच आहे, म्हणून 'कंटिन्यू एनीवे' दाबा.

आवृत्तीनुसार खिडकीची मांडणी थोडी वेगळी दिसू शकते, पण डावीकडे जुनं आणि उजवीकडे नवं हा क्रम लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. नुसतं चुकून लागणारं बटण बंद करायचं असेल, तर उजवीकडच्या यादीत 'डिसेबल' निवडा.

शेजारच्या 'रीमॅप अ शॉर्टकट' मध्ये एक जोडी दुसऱ्या जोडीवर बसवता येते. तिथे ठरावीक प्रोग्रॅमचं नाव देण्याची चौकटही असते. नाव दिलं तर बदल तेवढ्या प्रोग्रॅमपुरता राहतो, आणि रिकामी ठेवली तर सगळीकडे लागू होतो. शॉर्टकट दाबल्यावर ठरलेला मजकूर उमटावा, एखादा प्रोग्रॅम सुरू व्हावा, अशीही सोय आहे. रोज तोच पत्ता किंवा तीच सही टाइप करणाऱ्यांनी ती वापरून बघावी.

दोन मर्यादा आहेत. विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट या जोड्या विंडोजने स्वतःकडे राखलेल्या आहेत, त्या बदलत नाहीत. आणि पॉवरटॉइज चालू असेल तेवढाच वेळ बदल टिकतात. पासवर्ड टाकायच्या पडद्यावर ते चालू नसतं, म्हणजे तिथे कॅप्स लॉक पुन्हा कॅप्स लॉकच असतं. बरोबर पासवर्ड टाकूनही नकार मिळाला, तर आधी ते तपासा. बदल तिथेही हवा असेल, तर शार्पकीज नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. तो नोंद थेट विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज स्वतःची सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, करतो, एकदा मशीन पुन्हा सुरू करावं लागतं, आणि मग तो चालू नसला तरी चालतं. मात्र त्यात एका बटणाचं दुसरं बटण एवढंच करता येतं, जोड्या नाहीत, आणि तो बदल त्या मशीनवरच्या सगळ्या खात्यांना लागतो. याहून पुढे जायचं तर २००३ पासून चालत आलेलं ऑटोहॉटकी आहे. त्यात छोटी आज्ञावली लिहावी लागते, त्यामुळे ते दुसऱ्या टप्प्यावर.

प्रोग्रॅमच्या आत

वर्डमध्ये मजकुरावर काट मारायला मुळात शॉर्टकट नाही, तो करून बघू. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कस्टमाइझ रिबन' असं जा. याद्यांच्या खाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स' शब्दांपुढे 'कस्टमाइझ' बटण असतं. डावीकडे 'होम टॅब' आणि उजवीकडे 'स्ट्राइकथ्रू' निवडा, मग 'प्रेस न्यू शॉर्टकट की' या चौकटीत हवी ती जोडी दाबा. आता घाई न करता खालची 'करंटली असाइन्ड टू' ही ओळ वाचा. ती जोडी सध्या कोणाकडे आहे ते तिथे दिसतं. 'अनअसाइन्ड' असेल तर 'असाइन' दाबा. याच ठिकाणी 'स्टाइल्स' या गटातून तुमच्या नेहमीच्या शैलींनाही शॉर्टकट देता येतो. लांब दस्तऐवज लिहिणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो.

एक्सेलमध्ये असा पडदा नाही. तिथे हवं ते बटण राइट क्लिक करून क्विक ॲक्सेस टूलबारवर, म्हणजे नेहमीच्या बटणांच्या छोट्या पट्टीवर, टाका. पहिल्या नऊ बटणांना ऑल्ट-१ ते ऑल्ट-९ आपोआप मिळतात.

लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचाची सोय वर्डपेक्षा मोकळी आहे. 'टूल्स' मधल्या 'कस्टमाइझ' खिडकीत 'कीबोर्ड' टॅब उघडा. उजवीकडे वरती बदल सगळ्या लिबरऑफिससाठी हवा की फक्त रायटरसाठी, म्हणजे त्यातल्या लेखनाच्या प्रोग्रॅमसाठी, ते निवडता येतं. वर जोड्यांची पूर्ण यादी असल्याने मोकळी कोणती ते एका नजरेत कळतं. आणि सगळी मांडणी 'सेव्ह' करून फाइल म्हणून ठेवता येते.

प्रोग्रॅम लिहायच्या व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-के आणि लगेच कंट्रोल-एस दाबलं की शॉर्टकटची यादी उघडते. नावाने शोधा, ओळीवर डबल क्लिक करा, नवी जोडी दाबा, एंटर. चित्रांवर काम करायच्या जिंपमध्ये 'एडिट' मेनूखाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स' आहे, फोटोशॉपमध्येही तसंच. क्रोममध्ये मूळ शॉर्टकट बदलायची सोय नाही, पण एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जोडसोयींच्या, पानावर डावीकडच्या मेनूतून त्यांचे शॉर्टकट ठरवता येतात.

मॅक

ॲपलच्या मेनूतून 'सिस्टिम सेटिंग्ज', 'कीबोर्ड', मग 'कीबोर्ड शॉर्टकट्स' बटण. २०२२ च्या व्हेंचुराआधीच्या मॅकवर याच जागेचं नाव 'सिस्टिम प्रेफरन्सेस' आहे. डावीकडच्या यादीतून गट निवडा, बदलायच्या जोडीवर डबल क्लिक करा आणि नवी दाबा. दोन कामांना एकच जोडी गेली तर पिवळा त्रिकोण दिसतो.

मॅकची खरी ताकद याच यादीतल्या 'ॲप शॉर्टकट्स' मध्ये आहे. कुठल्याही ॲपच्या मेनूत जे काम लिहिलेलं आहे, त्याला तिथून शॉर्टकट देता येतो. अगदी ब्राउझरच्या मूळ मेनूलाही. अधिकचं चिन्ह दाबा, ॲप निवडा, मेनूतलं नाव टाइप करा आणि जोडी दाबा. ते नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लहान-मोठी अक्षरं, मोकळी जागा, सगळं. नावाच्या शेवटी तीन टिंबं असतील तर तीही हवीत, आणि ती इंग्रजी लेआउटवर ऑप्शन आणि अर्धविरामाचं बटण दाबून एकाच चिन्हात काढा. शॉर्टकट केला पण चालत नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

कॅप्स लॉक बदलायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. याच खिडकीत 'मॉडिफायर कीज' आहे. तिथे वरती कीबोर्ड निवडायची यादी असते. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डला वेगळी मांडणी देता येते, म्हणजे विंडोजचा कीबोर्ड मॅकला लावला असेल तर ऑप्शन आणि कमांडची अदलाबदल फक्त त्याच्यापुरती करता येईल. याहून बारीक काम हवं असेल तर कॅराबिनर-एलिमेंट्स हे मोफत साधन आहे.

लिनक्स

लिनक्सवर ग्नोम आणि केडीई असे वेगवेगळे डेस्कटॉप असतात. ग्नोममध्ये 'सेटिंग्ज', 'कीबोर्ड', मग 'व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स'. ओळीवर क्लिक करून नवी जोडी दाबा. त्याच वेळी बॅकस्पेस दाबलं तर शॉर्टकट बंद होतो, एस्केप दाबलं तर काही न बदलता बाहेर येता. जोडी आधीच वापरात असेल तर ग्नोम तसं स्पष्ट सांगतं आणि बदलायचं का ते विचारतं. सर्वांत खालच्या 'कस्टम शॉर्टकट्स' मध्ये नाव, आज्ञा आणि जोडी देऊन टर्मिनलमधली, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतली, कोणतीही आज्ञा बटणावर आणता येते. अनेक आज्ञा जोडून चालवायच्या असतील तर त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, करून तिचा पत्ता द्या. केडीईमध्ये 'सिस्टिम सेटिंग्ज' मधलं 'शॉर्टकट्स' हे ठिकाण बघा. कॅप्स लॉकसाठी ग्नोमवर 'ट्वीक्स' नावाचं साधन लागतं, केडीईमध्ये ते कीबोर्डच्या सेटिंग्जमध्येच आहे. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी चालू असलेली आज्ञा थांबवतं, म्हणून तिथे कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी आहे. ते बदलायच्या भानगडीत पडू नका.

कम्प्युटर आणखी कोणी वापरत असेल तर

घरात किंवा कामाच्या ठिकाणी एकच मशीन अनेकांचं असेल, तर प्रत्येकाचं वेगळं खातं असू द्या आणि बदल आपल्या खात्यातच करा. पॉवरटॉइजची सेटिंग्ज खात्यापुरती राहतात. दृष्टिहीन व्यक्ती ते मशीन वापरत असेल तर कॅप्स लॉक आणि इन्सर्ट या दोन बटणांना हात लावण्याआधी त्यांना विचारा. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमपैकी विंडोजचा नॅरेटर ही दोन्ही बटणं वापरतो, एनव्हीडीए मुळात इन्सर्ट वापरतो आणि त्यात कॅप्स लॉकही निवडता येतं. तुमच्या सोयीच्या एका बदलाने त्यांचा कम्प्युटर मुका होऊ शकतो.

दोन बटणं एकत्र धरणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी 'स्टिकी कीज' ही सोय विंडोज आणि मॅकमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' खाली असते. लिनक्सच्या मोठ्या डेस्कटॉपवरही ती सापडते. ती चालू केली की कंट्रोल दाबून सोडायचं आणि मग सी दाबायचं, तरी कॉपी होतं. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी सांगितलं जातं. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यावर जी खिडकी येते ती याचीच. ती नको असेल तर त्याच जागी हा पाच दाबांचा शॉर्टकट बंद करता येतो.

शॉर्टकट चालत नसेल तर

पहिलं, बदल करणारं साधन चालू आहे का ते बघा. दुसरं, मागे चालणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी जोडी दाबून बघा. पडदा टिपणारे, गप्पांचे आणि ग्राफिक्स कार्डाबरोबर येणारे प्रोग्रॅम गुपचूप जोड्या अडवून ठेवतात. शॉर्टकट सगळीकडे चालतो पण एकाच खिडकीत नाही, असं असेल तर तो प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे जास्त अधिकारांनिशी, चालतोय का ते बघा. पॉवरटॉइजला तेवढा अधिकार नसेल तर त्या खिडकीत त्याचं काही चालत नाही. दूरच्या मशीनवर काम करत असाल तर दाब तिकडे जातोय की इकडेच राहतोय ते त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगवर ठरतं. आणि तीन बटणांची जोडीच लागत नसेल, तर दोष कीबोर्डचाही असू शकतो. काही साध्या कीबोर्डना ठरावीक तीन बटणं एकत्र दाबलेली ओळखता येत नाहीत. अक्षर बदलून बघा.

बसवणं आणि जपणं

एका वेळी दोन किंवा तीनच शॉर्टकट घ्या आणि ते पडद्याच्या कडेला कागदावर लिहून चिकटवा. सवयीने माउसकडे हात गेलाच, तर ते काम रद्द करून शॉर्टकटने पुन्हा करा. पहिले काही दिवस यात वेळ जातो, तो जाऊ द्या. कागदाकडे बघायची गरज संपली की पुढचे दोन घ्या. पंधरा दिवसांनी एखादा वापरलाच जात नसेल, तर तो काढून टाका आणि ती जोडी मोकळी करा.

काय बदललं याची एक साधी फाइल ठेवा: जोडी, काम, आणि बदल कुठे केला ते ठिकाण. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण सहा महिन्यांनी नेमकं तेच आठवत नाही. मूळ मांडणीवर परत यायचं असेल तर वर्डमध्ये 'रीसेट ऑल', लिबरऑफिसमध्ये 'रीसेट' आणि मॅकमध्ये 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' आहे. ही बटणं तुमचे सगळेच बदल पुसतात, म्हणून दाबण्याआधी फाइल अद्ययावत करा.

नव्या मशीनवर जाताना पॉवरटॉइजच्या 'जनरल' पानावरचा बॅकअप घ्या, लिबरऑफिसमधून सेव्ह केलेली फाइल उचला. व्हीएस कोडचे शॉर्टकट 'सेटिंग्ज सिंक' चालू असेल तर आपोआप येतात. वर्डचे बदल मुळात 'नॉर्मल' या टेम्प्लेटमध्ये साठतात, ती फाइल वर्ड बंद ठेवून नव्या मशीनवर तिच्याच जागी ठेवायची. डेस्कटॉपच्या आयकॉनवरचे शॉर्टकट आणि भाषेची बटणं मात्र आपल्या यादीत बघून हातानेच पुन्हा लावावी लागतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.